पहिल्या कुंडीतली म्हैस

मला थापा मारायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. मंग नंतर कोणी म्हणायला नको की मनकर्णाबाईनं फसवलं. माझ्या आजेसासऱ्यानं असीरगडच्या जंगलात वाघाला विडी पाजली, हे मी चाळीस वर्षं सांगते आहे, आणि आमच्या बुधवारा आळीत ते ऐकलं नाही असं लेकरू सापडायचं नाही. पण आज सांगते ते खरं आहे. मध्ये एक म्हैस येईल, तेवढी सांभाळून घ्या.

तर झालं असं की माझ्या नातीला, हिमानीला, सॉफ्टवेअर दळायचं होतं.

हसू नका, दळायचंच. मला आधी वाटायचं की सॉफ्टवेअर म्हणजे फोनवर बोट ठेवलं की आलं. भजनाचं तसंच येतं, गॅस सिलिंडरचं तसंच येतं. पण हिमानी म्हणाली, "नहीं ना आजी, ये साइंटिफिक वाला है. तयार मिळत नाही. फुकट आहे, पण त्याचा सोर्स देतात. मतलब कच्चा माल. तो आपण आपल्या लॅपटॉपवर कंपाइल करायचा, मग ते चालतं."

"म्हणजे पापडाचं पाकीट नाही देत, उडदाची डाळ देतात."

"हां! बस, वही."

आता बघा, एवढं मला एका वाक्यात समजलं आणि तिच्या बापाला तीन दिवस समजलं नाही. भूपेंद्र माझाच मुलगा, पण केळीच्या बागेत राहून राहून डोकं घडासारखं खाली लोंबलंय.

हे सॉफ्टवेअर जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं ते सांगणारं. हिमानी भूगर्भाचं एम.एस्सी. शिकली. आमच्या बुऱ्हाणपुरात मुघलांच्या वेळच्या कुंड्या आहेत ना, शंभराच्या वर, विहिरीसारख्या, सगळ्या आतून एका बोगद्यानं जोडलेल्या. डोंगरातलं पाणी पहिल्या कुंडीत झिरपतं, तिथून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं उतरत उतरत गावात येतं. मोटर नाही, पंप नाही. इंदूरचे एक मोठे सर या पाण्याचा अभ्यास करणार होते. त्यांच्या तुकडीत एक जागा होती. ते हिमानीला म्हणाले, सोमवारी अकरा वाजता व्हिडिओवर या, तुमच्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर चालवून कुंड्यांचं पाणी दाखवा, जागा तुमची. नाही जमलं तर मागं दुसरा मुलगा उभाच आहे.

आणि भूपेंद्रनं आपली काडी टाकली, "सोमवारी नाही झालं तर मंगळवारी बी.एड.चा फॉर्म भरायचा. माझं ठरलंय."

बी.एड. म्हटलं की पोरगी उठून जाते. मास्तरकी वाईट नाही हो, पण जी पोरगी सहा वर्षांची असताना कुंडीत वाकून "पाणी, तू कुठून आलंस?" असं ओरडून विचारायची, तिला फळ्यापुढं उभं करायचं म्हणजे माशाला झाडावर बांधणं.

गुरुवारी सकाळी मुहूर्त केला. सूनबाईनं, रंजितानं, हातावर दही-साखर ठेवली. हिमानी लॅपटॉप उघडून बसली आणि मी शेजारी पाट टाकून.

मी विचारलं, "नाव काय दिलंस?"

"कशाला?"

"ज्यात काम करणार त्याला."

"फोल्डर है आजी. न्यू फोल्डर."

न्यू फोल्डर! आमच्या घरात साधी वही सुरू करायची तरी पहिल्या पानावर '॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥' लिहिल्याशिवाय दुसरी ओळ लिहीत नाहीत. यांनी, म्हणजे मोतीरामांनी, देव त्यांना सुखात ठेवो, विहिरीच्या मोटरवर लिहिलं होतं, ट्रॅक्टरवर लिहिलं होतं, एकदा स्वतःच्या छातीच्या एक्स-रेच्या पाकिटावरसुद्धा लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाला, ही पेशंट कोण? आणि इथं एवढं मोठं काम, कपाळ कोरं?

"आजी, इतनं लंबं नाव कोण देतं?"

"लग्नपत्रिकेवर देतात, तुझ्या फोल्डराला काय होतं?"

पोरीनं मराठी अक्षरं लावली आणि माझ्यादेखत सगळं लिहिलं. उभ्या दोन दोन रेघांसकट. मी हात जोडले, मनात इच्छापुरच्या देवीला सांगितलं, काम झालं तर या गुडघ्यांनी तुझ्या सगळ्या पायऱ्या चढीन. मग निवांतपणे भाजी निवडायला बसले.

अर्ध्या तासात आरोळी आली, "अरे यार!"

सॉफ्टवेअर म्हणालं, मला दळण्याआधी अमुक नावाचं दुसरं काहीतरी लागतं, ते आणा. ती आणायला गेली. ते म्हणालं, मला तिसरं लागतं. तिसरं म्हणालं, मला चौथं, पण गेल्या वर्षीचं नको, यंदाचं पाहिजे. पोरगी डोक्याला हात लावून बसली. मला मात्र यात नवीन काही दिसलं नाही. आमची दराबा मिठाई करायची तर तूप लागतं. तूप पाहिजे तर लोणी. लोणी पाहिजे तर दही. दही पाहिजे तर विरजण. आणि विरजण पाहिजे तर शेजारच्या उषाकडे जा, तिच्या सुनेची तक्रार ऐका, मग ती वाटीभर देणार, आणि घरी येऊन बघावं तर ते आंबट ढाण. सगळी दुनिया अशीच चालते. लॅपटॉप काही वेगळा नाही.

संध्याकाळपर्यंत पोरीनं सगळा माल जमवला. शुक्रवारी सकाळी दळण सुरू केलं. स्क्रीनवर टक्के चढायला लागले, दहा, वीस, चाळीस. साठावर लाल अक्षरं आली आणि सगळं ठप्प. पोरीनं शेवटची ओळ वाचली, एरर टू.

"टू म्हणजे दोनच चुका ना?" मी म्हटलं. "दोन तर माझ्या स्वेटरातसुद्धा असतात."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी भाजीकडे वळले.

तिनं इंटरनेटवर शोधलं. कोणी म्हणालं, दळायचं यंत्र जुनं आहे, नवं घाला. नवं घालायला गेली आणि इंटरनेटच गेलं.

आता हे इंटरनेट कसं गेलं ते ऐका. तारवाल्या कंपनीचा मेसेज होता, ग्राहकानं ओळख पटवली नाही म्हणून बंद. आणि ग्राहक कोण? मोतीराम. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं त्यांच्या नावावर आम्ही भजनं बघतोय, कोणी एक शब्द विचारला नाही, आणि पोरीच्या कामाच्या वेळी कंपनीला त्यांची आठवण आली.

मी आणि हिमानी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर रश्मी नावाची पोरगी, गळ्यात पट्टा, हातात फोन.

"कस्टमर को लाना पड़ेगा, माताजी."

"ते वर आहेत."

"तो नीचे बुला लीजिए ना."

"बाई, ते फार वर आहेत. तिथं तुमच्या कंपनीचीसुद्धा रेंज नाही."

तिला समजलं. बिचारी हळहळली. म्हणाली, सिस्टीममध्ये 'ग्राहक गेला' असं बटणच नाही. ग्राहकाचा चेहरा दाखवा, नाहीतर नवीन अर्ज, आठ दिवस. आठ दिवस म्हटल्यावर हिमानी बोटांवर सोमवार मोजायला लागली. मी पिशवीतून यांचा फोटो काढला. हो, हार घातलेला. मला वाटलंच होतं, म्हणून निघताना भिंतीवरून उतरवून घेतला होता. रश्मीनं आधी नको नको म्हटलं, मग इकडंतिकडं बघून फोन फोटोपुढं धरला. फोन म्हणाला, कृपया पलकें झपकाइए.

आम्ही तिघी वाट बघत राहिलो.

फोन पुन्हा म्हणाला, पलकें झपकाइए.

"सोड बाई," मी म्हटलं. "जिवंतपणी बायकोनं काही सांगितलं तर या माणसाची पापणी हलली नाही, आता कंपनीचं काय ऐकणार?"

रश्मी इतकी हसली की मागचा साहेब बाहेर आला. साहेबाला वाटलं मी तक्रार करायला आलेय, तर मी लगेच करून टाकली. एका मेलेल्या माणसाकडून तीन वर्षं पापणी न हलवता चाललेलं कनेक्शन आज कसं काय खटकलं, एवढंच विचारलं, पण जरा मोठ्यानं. तिथल्या तिथं कनेक्शन माझ्या नावावर झालं. माझा चेहरा घेतला. पापण्या लववा म्हणाले तर मी दोनदा लववल्या, एकदा कंपनीसाठी आणि एकदा यांच्यासाठी.

तार चालू व्हायला शनिवारची सकाळ उजाडली. आता सोमवारला दोनच दिवस उरले होते आणि आळीत बातमी पसरली होती. कोणी पसरवली ते विचारू नका. मी फक्त उषाला एवढंच म्हटलं होतं की आमची हिमानी मशीन बनवतेय, ती जमिनीला कान लावून पाणी सांगणार. दुपारपर्यंत दोघंजण आपल्या शेतात बोअर कुठं मारू ते विचारायला आले आणि एकानं विचारलं, मशीन पुरलेलं सोनं पण सांगते का. मी नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं.

पोरीनं नवं यंत्र घातलं, पुन्हा दळायला लावलं, पुन्हा साठाला एरर. तिसऱ्यांदा लावलं तर त्याच्याही आधी लॅपटॉपच गरम होऊन बंद पडला. चारही बाजूंनी सल्ले यायला लागले.

उषा म्हणाली, "काकू, नजर लागली आहे. तुम्ही सगळीकडे सांगता कशाला?" सात मिरच्या, मीठ, मोहरी घेऊन आली, लॅपटॉपवरून उतरवली आणि निखाऱ्यावर टाकली. नजर लागलेली असली की मिरचीचा ठसका लागत नाही म्हणतात. लॅपटॉपचा पंखा चालूच होता, त्यानं तो सगळा धूर आत ओढला आणि दुसऱ्या बाजूनं थेट हिमानीच्या तोंडावर सोडला. पोरगी अकरा वेळा शिंकली. म्हणजे नजर नव्हती, एवढं तरी नक्की झालं.

मग आले चुडामणभाऊ. हे आणि आमचे हे नेपानगरच्या कागद कारखान्यात एकत्र होते. भाऊ फिटर. तिथल्या मशिनी आवाजावरून ओळखायचे. खिशात अजून स्क्रू पिळायचा पेचकस असतो. त्यांनी पेचकसाचं टोक लॅपटॉपला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"वहिनी, बेअरिंग शे."

"काका, लॅपटॉपमें बेअरिंग नहीं होता," हिमानी म्हणाली.

"मग हे गरगरतंय काय? पोरी, छत्तीस वर्षं कारखान्यात काढली मी. मशीन कागदाची असो की कसली, श्वास कोंडला की मरते. हिला खालून हवाच नाही."

आणि बघा, यात खरं होतं. लॅपटॉप गादीवर ठेवलेला. मी माझी पापड भाजायची जाळी आणली, दोन विटा लावल्या, वर लॅपटॉप ठेवला. पंखा शांत झाला. चुडामणभाऊंनी पेचकस असा खिशात ठेवला, जसा सर्जन ठेवतो. त्या दिवसापासून ते माझ्या पापडाच्या जाळीला 'आपली जाळी' म्हणतात.

तिसरा सल्ला बुधवाऱ्यातल्या ऑनलाइन फॉर्मवाल्या यादवचा. हा आख्ख्या गावाचे फॉर्म भरतो आणि त्यामुळे स्वतःला कलेक्टर समजतो. त्यानं लॅपटॉपकडे नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, इसमें तो विंडोज ही नहीं है! तभी तो. दे दो मुझे, फॉर्मेट मार देता हूँ. सब नया हो जाएगा."

"म्हणजे काय करणार?"

"सब उड़ा दूँगा."

मी म्हटलं, "बाळा, तुझ्याकडे कोणी ताप आला म्हणून आला तर तू काय करतोस?" आणि लॅपटॉप जाळीसकट उचलून आत नेला. जाताना कानावर पडलं, बी.एड.चे फॉर्म आले आहेत, भूपेंद्रभाई बोल के गए हैं, बच्ची का फोटो भेज देना. मी मागं वळून बघितलंच नाही. काही माणसांना बघितलं की बीपी वाढतं.

रविवार आला. सकाळपासून चार वेळा दळलं. चारही वेळा साठ. पोरीनं शेवटच्या ओळीचा इलाज केला, त्या आधीच्या ओळीचा केला, कोणी परदेशातल्यानं लिहिलेला इलाज केला. अकरा वाजता मी बघितलं तर स्क्रीनवर दुसरंच काही उघडलेलं. वर लिहिलेलं, बी.एड. प्रवेश. तिनं स्वतःचं नाव भरलं होतं, पुढचा रकाना रिकामा.

"आजी, मुझसे नहीं होगा."

पोर असं बोलली की मी थाप मारते. बाकी काही मला येत नाही.

मी म्हटलं, "तुला म्हशीचं सांगितलं का मी?"

"आजी, प्लीज. अभी नहीं."

"माझ्या सासूबाईंच्या वेळची गोष्ट. आपल्या आळीच्या कुंडीचं, आठव्या कुंडीचं, पाणी एकाएकी खाली गेलं. दोन हात दोर कमी पडायला लागला. वर काय झालं ते पुढं सांगते, पण त्याच्या तिसऱ्या दिवशी, हां. सगळी आळी उतरली कुंडीत. गाळ काढला. पाणी नाही. पुन्हा काढला. भिंती घासल्या, पूजा घातली, एका जावयाला पायाळू म्हणून उलटा लटकवला. पाणी नाही. मग एक म्हातारा होता, दगा नावाचा. तो म्हणाला, अरे मूर्खांनो, पाणी इथं संपलंय, पण अडलं इथं आहे का? आणि कंदील घेऊन निघाला वर. सातवी कुंडी, सहावी, पाचवी. एकेकीत वाकून बघत पार डोंगरापाशी, पहिल्या कुंडीत. तिथं कोण बसलेलं?"

पोरीनं कान दिला होता, मला दिसत होतं.

"म्हैस! पडली होती आणि बोगद्याच्या तोंडाशी आरामात बसली होती, गार पाण्यात. बाहेर काढायला बावीस माणसं लागली, आणि मोजली तेव्हा एक म्हैस आत गेलेली आणि दोन बाहेर आल्या. आतच व्याली होती."

हिमानी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग हसता हसता थांबली आणि स्क्रीनकडे बघायला लागली.

"पहली कुंडी," ती हळूच म्हणाली.

तिनं फॉर्म बाजूला सारला आणि ते काळं पान उघडलं, ज्यात दळताना काय काय झालं ते लिहिलेलं असतं. तोवर ती सगळ्यात खालची ओळ बघून इलाज करत होती. आता वर सरकवायला लागली. वर, वर, आणखी वर. शेकड्यानं ओळी. सगळं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही, मी आपली मुंग्यांची रांग बघावी तशी बघत होते. आणि एकदम त्या मुंग्यांमध्ये मला ओळखीचं काहीतरी दिसलं.

"थांब! थांब! अव माय, देवी!"

"क्या?"

"तिथं बघ. लिहिलंय. इच्छादेवी! आपल्या मराठीत! देवी प्रकटली बघ तुझ्या मशीनमध्ये!"

मी हात जोडले. रंजिता स्वयंपाकघरातून धावत आली, तिनंही जोडले. हिमानी मात्र स्क्रीनला नाक लावून वाचत होती. वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं. आणि पटकन पान खाली सरकवलं.

"कुछ नहीं आजी. दुसरीच एरर आहे. तू जेवायला बस."

आता मी जन्मभर खोटं बोलत आले. सोनाराला जसं पितळ कळतं तसं मला खोटं कळतं. आणि ही पोरगी त्यात अगदीच कच्ची, कानाच्या पाळ्या लाल होतात.

"हिमानी, काय लिहिलंय तिथं?"

तिनं खाली बघितलं. मग सांगितलं. जो फोल्डर मी हट्टानं बारसं करून ठेवला होता, त्याच्या नावात शब्दांमध्ये मोकळी जागा होती. दळणाऱ्या यंत्राला मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं नाव संपलं, आता दुसरं नाव सुरू झालं. बाकी सगळीकडे चालून गेलं, पण साठ टक्क्यांवर एक जुन्या पद्धतीचा भाग होता, त्यानं '॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥' चे तुकडे केले आणि इच्छादेवी नावाची वेगळी फाईल शोधायला निघाला. ती कुठं सापडणार? तिथंच अडलं. आणि त्याच्यामुळे खाली शंभर चुका.

थोडक्यात, पहिल्या कुंडीत बसलेली म्हैस मीच होते.

मी उठून आत गेले आणि पलंगावर बसले. बोलले नाही. म्हणजे खरंच काही बोलले नाही, पंधरा मिनिटं. घर घाबरलं. रंजिता बीपीची गोळी घेऊन आली. भूपेंद्र जैनाबादहून बागेतून परतला होता, तो दारात येऊन म्हणाला, "माय, तू बोल ना काहीतरी. शिव्या दे पाहिजे तर."

"तुला नंतर देते," मी म्हटलं.

हिमानी माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, नाव राहू दे. मैं कुछ जुगाड़ करती हूँ. तो जुना भागच बदलून बघते."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. तीन-चार दिवस."

"आणि नाव काढलं तर?"

"दोन तास. शायद."

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर यांचा फोटो परत लावला होता. ते बघतच होते, पापणी न हलवता. मी मनात म्हटलं, तुम्ही एक्स-रेवरसुद्धा लिहिलंत, तुम्हीच सांगा. आणि मला आठवलं की यांनी मोटरवर लिहिलं होतं, मोटरच्या आत नाही. ट्रॅक्टरच्या कपाळावर लिहिलं होतं, डिझेलच्या टाकीत नाही.

"काढ नाव," मी म्हटलं.

"आजी..."

"देवी इच्छापुरच्या डोंगरावर बसते. तिथून सगळं बघते. ती काय शेतात नांगर ओढायला येते? आपणच तिला आत घुसवली आणि म्हणतो अडलं. काढ. मी तिला दारावर बसवते."

आणि मी देव्हाऱ्यातलं कुंकू आणून लॅपटॉपच्या पाठीवर, बाहेरून, टिळा लावला. चुडामणभाऊ म्हणाले, हवेची भोकं सोडून लावा वहिनी. सोडून लावला.

पोरीनं नवा फोल्डर केला. नाव ठेवलं 'kaam'. चार इंग्रजी अक्षरं, मध्ये भोक नाही, रेघ नाही, देव नाही. सगळं पहिल्यापासून दळायला लावलं. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही सगळे जाळीभोवती बसलो, जसे लोक निकालाच्या दिवशी टीव्हीपुढं बसतात. दहा. तीस. पन्नास. अठ्ठावन्नला भूपेंद्रनं श्वास धरला. हाच माणूस, बी.एड.वाला! साठ. एकसष्ट.

"गेलं! पुढं गेलं!" चुडामणभाऊ ओरडले, आणि वीज गेली.

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, माझ्यासारखी, पंधरा मिनिटांची. हिमानीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात खिडकीतून उषाचा आवाज आला, "काकू, आमचा इन्व्हर्टर आहे ना!" आणि तिनं खिडकीतून वायर फेकली. माझ्या डोक्यात लागली. मी चकार शब्द काढला नाही. विरजणाचं, मिरच्यांचं, सगळं त्या वायरीवर माफ केलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झालं. कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांना वाटलं आता आणखी काहीतरी होईल. हिमानीनं चाचणी लावली. सगळ्या ओळींपुढं हिरवं आलं. तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि अशी रडली की उषाला वाटलं नापास झाली.

संध्याकाळी तिनं कुंड्यांचे आकडे भरले. किती खोल, किती उतार, सगळं तिनं कॉलेजात असतानाच मोजलेलं. मग मला म्हणाली, "आजी, सरांना काहीतरी करून दाखवायला पाहिजे. पाणी अडलं तर काय होतं ते दाखवते. पहिल्या कुंडीत. म्हैस केवढी होती?"

मी दोन्ही हात पसरले. तिनं खरंच माझे हात टेपनं मोजले.

सोमवारी अकरा वाजता दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर, कान दाराला. चुडामणभाऊंनी पेचकस दाराला लावला होता. आतून सरांचा आवाज आला. सर इंदूरचे, पण मराठी माणूस. हिमानीनं निळं पाणी डोंगरापासून उतरताना दाखवलं. मग तिच्या फाईलचं नाव बघून सरांनी विचारलं, "ही 'म्हैस' काय आहे?"

हिमानी म्हणाली, "सर, ब्लॉकेज आहे. पहिल्या कुंडीत. माझ्या आजीच्या साइजचं... म्हणजे आजीनं सांगितलेल्या साइजचं."

मग सर म्हणाले, "आठवी कुंडी बघा. पाणी कधी खाली गेलं?"

"तिसऱ्या दिवशी, सर. साधारण दोन हात."

सर हसले. म्हणाले, एक तारखेपासून या. पहिलं काम कुंड्यांवरच आहे, तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. आणि आजींना विचारून ठेवा, त्यांना आणखी काय काय माहीत आहे.

बाहेर भूपेंद्रनं यादवला फोन लावला आणि म्हणाला, तो फॉर्म फाड. मग सगळ्या आळीत मावा जिलबी वाटली. मी मात्र जिलबी हातात धरून तशीच बसून होते. रंजितानं विचारलं, "आई, गोड नाही लागत का?"

आता तिला काय सांगू. दगा नावाचा म्हातारा होता, हे खरं. पाणी गेलं होतं आणि वर काहीतरी अडलं होतं, हेही खरं, बहुतेक दगड असतील. पण म्हैस माझी. बावीस माणसं माझी. आणि ते तिसऱ्या दिवशी, दोन हात, हे तर मी रविवारी अकरा वाजता, पोरगी रडू नये म्हणून, जागच्या जागी ठोकून दिलं होतं. आणि मशीन म्हणते, बरोबर!

काल इच्छापुरला जाऊन आले. सगळ्या पायऱ्या चढले, गुडघे देवीच्या हवाली केले. वर बसल्यावर माझ्या मनात एकच विचार होता. आता हिमानी रोज जमिनीखालचं खरं-खोटं शोधत फिरणार. फिरता फिरता ती असीरगडच्या जंगलाकडे गेली, आणि तिथं कुठं एखादा म्हातारा वाघ भेटला, आणि त्यानं विडी मागितली, तर?

म्हणून तिच्या पिशवीत एक काडेपेटी ठेवून दिली आहे. असू द्यावी जवळ.